ट्रकला घातलेली झूल

आमचा थोरला भाऊ, अण्णा, पोळ्याला ट्रकची पूजा करतो असं सांगितलं की लातूरच्या माझ्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. दसऱ्याला वाहनं पुजतात, ते ठीक. पण पोळा बैलांचा! मीही हसायचे. एका वर्षी मात्र त्या पोळ्यापायी ट्रक विकायची पाळी आली आणि तो वाचवला मी. ही गोष्ट मी दहा जणांत सांगते, तशी इथेही सांगणार. नम्रपणा मला कधी जमला नाही.

आमच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. भूकंप झाला त्या रात्री आम्ही सगळे मळ्यातल्या खोपीत झोपलो होतो, म्हणून वाचलो. बैल गावातल्या गोठ्यात होते. आभाळ भरून आलं होतं, जनावरं भिजायला नकोत म्हणून अण्णानेच त्यांना संध्याकाळी नेऊन आत बांधलं होतं. गोठ्याची दगडी भिंत दोघांवर पडली. हातांनी दगड उपसता उपसता अण्णाला त्यांची पोळ्याची झूल सापडली. लाल कापडाची, आरसे लावलेली, आमच्या वडिलांनी, अप्पांनी, उदगीरच्या बाजारातून आणलेली. तेवढीच घेऊन तो बाहेर आला आणि नंतर त्याबद्दल कुणाशी बोलला नाही.

आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. मदतीचं सामान घेऊन ट्रक यायचे. अण्णा आधी त्यांच्यावर हमाल झाला, मग क्लीनर, मग ड्रायव्हर. घरात पुन्हा बैल आले नाहीत. दावं हातात धरवत नाही म्हणायचा. स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा पहिल्याच पोळ्याला त्याने ती झूल पेटीतून काढली आणि ट्रकच्या तोंडावर, काचेखालच्या जाळीवर बांधली. पोळा ते दिवाळी ती तिथेच राहायची.

मी लातूरला आयटीआयमधून फ्रिज आणि एसीची दुरुस्ती शिकले. वर्गात मुलगी एकटी मीच. नंतर शहरात क्लासेसचं पेव फुटलं. जिथे भुईमुगाची गोदामं होती तिथे डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे हॉल उभे राहिले, आणि एका हॉलमध्ये एवढी पोरं कोंबली की एसी लागणारच. तो बिघडणारही. माझं दुकान त्यावरच चाललं. एसी बंद पडला की सरांचा फोन यायचा, "मॅडम, लवकर या, पोरं घामाघूम झालीत, प्रकाशाचा वेग कुणाच्या डोक्यात शिरेना."

त्या वर्षी उन्हाळ्यात अण्णाने कंधारच्या अलीकडे चालत्या ट्रकमध्ये डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. नशीब, क्लीनर जागा होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उष्माघात आहे, वर रक्तदाब; तापलेल्या केबिनमध्ये आता बसायचं नाही. वहिनीने तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर निकाल दिला, "ट्रक इका आन् घरी बसा."

घरी बसणं म्हणजे अण्णासाठी जिवंतपणी खाटेला खिळणं. त्याने जुना ट्रक देऊन एसी केबिनचा घेतला, वहिनीने नाइलाजाने मान डोलावली. पण अट घातली: एसी चालू तोवर ट्रक चालू. एसी गेला की ट्रक गेला.

आणि पोळ्यानंतर एसी गेला. कॉम्प्रेसर जाम. नांदेडच्या गॅरेजवाल्यांनी दुसरा बसवला, गार हवा दाखवली, अण्णा खुशीत निघाला. काही दिवसांत तोही जळाला.  वहिनीने सरळ गिऱ्हाईक शोधलं. नांदेडचाच एक ट्रान्सपोर्टवाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक घ्यायला तयार.

अण्णा माझ्या दुकानासमोर ट्रक उभा करून खाली उतरला तो दिवस खंडेनवमीचा. दोन्ही मेलेले कॉम्प्रेसर त्याने पोत्यात घालून आणले होते.

"बाई, तुला जमतंय का बघ. न्हाई जमलं तर उद्या सोडून द्यायचाय."

माझी सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावून झालेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. समोरचा पंक्चरवाला ओरडला, "मॅडम, आज न्हाई! देवी कोपंल!" मी म्हटलं, देवीच्या हातातही हत्यारंच आहेत, तिला काम कळतं. आणि झेंडूच्या पाकळ्या झटकून पाना उचलला.

ट्रकचा कॉम्प्रेसर मी त्याआधी उघडला नव्हता. भिंतीवरच्या एसीचा विजेवर चालतो, हा इंजिनच्या पट्ट्यावर. मधे चुंबकाचा क्लच, तो पकडला की कॉम्प्रेसर फिरतो. बाकी पोटातलं शास्त्र तेच. मी दोन्ही खोलून फरशीवर मांडले. पहिल्याचं पोट करपलेलं, पण क्लच चांगला. दुसऱ्याचा क्लच जळून कोळसा, पण पोट शाबूत. मला हसूच आलं. देवाने जोडी जुळवूनच पाठवली होती! ह्याचा क्लच त्याला बसवला, नवी सीलं घातली, नळ्या धुतल्या, तेल भरलं. गंमत म्हणजे माझे हात एकदाही अडखळले नाहीत.

वायरी लावताना मात्र माझं टाळकं सरकलं. गॅसचा दाब हाताबाहेर गेला की कॉम्प्रेसर बंद पाडणारा एक स्विच असतो. त्याच्या दोन टोकांत कुणीतरी तांब्याच्या तारेचा तुकडा खुपसून ठेवला होता.

"हे कुणी केलं?"

"लोह्याजवळच्या एका वायरमननं. एसी सारका बंद-चालू होऊन राहिला होता. त्यानं डायरेक्ट करून दिला," अण्णा म्हणाला.

डायरेक्ट! आपल्याकडे राखणदार भुंकायला लागला की त्याचंच तोंड बांधतात. मी तार उपटून फेकली. पण कोडं सुटलं नव्हतं. दाब मुळात वाढत का होता? मी गॅस भरला, इंजिन चालू करायला लावलं. दाब दाखवणारं घड्याळ नळीला जोडलेलंच होतं. काटा जिथे हवा तिथे स्थिर. केबिनमध्ये बर्फाळ हवा. पंक्चरवाल्याने आत डोकं घालून "बाप रे" म्हटलं. सगळं झकास, आणि तेच मला खुपत होतं. नांदेडलाही सगळं झकासच निघालं होतं ना?

म्हणून मी घड्याळ सोडवलं नाही. अण्णा म्हणाला, झालं की आता, निघतो. त्याने केबिनमधून घडी केलेली झूल काढली. गॅरेजमध्ये शिरण्याआधी तो ती दर वेळी सोडून ठेवायचा, कारण मिस्त्रींचे ग्रीसचे हात तिला लागलेले त्याला खपायचे नाहीत. त्याने ती झटकली, जाळीवर पसरली, चारी टोकं नीट बांधली, वरून हात फिरवला.

माझ्यासमोर काटा चढायला लागला.

चढला, चढतच गेला, आणि खट्! स्विचने कॉम्प्रेसर बंद पाडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या जाळीमागेच गॅस थंड करणारं जाळं बसवलेलं असतं. त्याला वारा हवा, आणि आमच्या अण्णाने त्याच्या नाकातोंडावर दुपदरी झूल बांधली होती. जुन्या ट्रकला एसीच नव्हता, त्यामुळे कधी कळलं नाही. ह्या ट्रकचं इंजिनही जरा जास्त तापायचं. लोडमुळे असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

"अण्णा, सोड ते आधी! गुदमरतोय ट्रक!" मी ओरडले.

त्याने झूल सोडली. काटा हळूहळू खाली आला. अण्णा काट्याकडे बघत होता, मग हातातल्या झुलीकडे बघायला लागला. त्याचं तोंड उतरलं.

"म्हंजी ह्याबी वेळंला मीच बांधलं," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत गोठ्याबद्दल त्याने काढलेला हा पहिला शब्द. मी तेलाचे हात तसेच त्याच्या दंडाला लावले आणि म्हटलं, "आणि ह्या वेळी वेळेवर सोडलंस. बघ, चालू आहे." कॉम्प्रेसर खरंच पुन्हा फिरायला लागला होता. अण्णाने झुलीची घडी केली आणि ती केबिनमध्ये सीटमागे ठेवली.

पण वहिनीला कोण पटवणार? फोनवर ती म्हणाली, "गार हवा नांदेडच्यांनीबी दावली होती. उद्या मी सोता बसते. लातूर ते नांदेड, भर दुपारच्याला. वाटंत बंद पडला तर नांदेडलाच चावी देऊन यायची."

दसऱ्याला दुपारी आम्ही निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, मधे मी, खिडकीशी वहिनी, हातात पदर, वारा घ्यायच्या तयारीत. पाऊस संपल्यानंतरचं ते चरचरीत ऊन, रस्त्याकडेला सोयाबीनच्या मळण्या, धुरळा. अहमदपूर गेलं. वहिनीने पदर खाली ठेवला. पुढे तिने पाय वर घेतले. लोह्याला त्या वायरमनच्या टपरीवरून जाताना मी मुद्दाम हॉर्न दाबला. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "जरा कमी करा की ते."

"कमी करायचं बटण बाईनं अजून दुरुस्त केलं न्हाई," अण्णा चक्क खोटं बोलला. मग हात मागे घालून त्याने सीटमागची झूल ओढली आणि तिच्या अंगावर टाकली. तिच्या लग्नापासून तिने त्या झुलीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तिने ती खांद्यावरून लपेटून घेतली, आरसे नीट करत बसली. विष्णुपुरीला गोदावरीचं भरलेलं पाणी दिसलं तेव्हा तिला चक्क झोप लागली होती.

नांदेडला ट्रान्सपोर्टवाला फेटा बांधून, नारळ घेऊन उन्हात उभा होता. वहिनी झूल पांघरलेलीच खाली उतरली. तो घाबरून म्हणाला, "काय हो वहिनी, ताप आलाय का?"

"ताप न्हाई, थंडी वाजून राहिली," वहिनी म्हणाली. तिने त्याच्या हातातला नारळ घेतला आणि आमच्याच ट्रकच्या चाकापुढे फोडला.