उरलेली ब्रांच

भर वॉर्डात, पेशंटच्या देखत, त्यांनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि पलंगाच्या कठड्याला अडकवला.

"माझी गोळी बंद करणाऱ्या आपण कोण?"

ते हृदयरोगतज्ज्ञ. हडपसरच्या आयटी पार्कशेजारी नव्यानं उभ्या राहिलेल्या त्या हॉस्पिटलच्या होर्डिंगवर त्यांचाच फोटो. मी नुकतीच लागलेली. एमबीबीएसनंतर पुन्हा तीन वर्षं फॅमिली मेडिसिन शिकून आलेली.

पलंगावर कात्रजच्या आजी होत्या. चक्कर येऊन मोरीत पडलेल्या. दोन तज्ज्ञांनी, त्यांतले एक हे सर, त्यांना रक्तदाबाची एकच गोळी वेगवेगळ्या नावांनी लिहून दिलेली, आणि आजी इमानदारीत दोन्ही घेत होत्या. मी सरांना फोन लावला. उचलला नाही. मग एक गोळी थांबवली.

हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आपण कशाच्या स्पेशालिस्ट?"

"फॅमिली मेडिसिनची."

"म्हणजे सर्दी-खोकल्याच्या." मागचे ज्युनिअर हसले. "आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"अच्छा. तरीच. उरलेली ब्रांच."

आवाज चढला नाही. शिवी नाही. आमच्या पुण्यात हे असंच करतात.

उरलेली नव्हती. मी मागून घेतली होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. आजोबांनी गाव सोडलं, देव सोडले, धम्म घेतला. तरी आमच्याकडे येणारा डॉक्टर उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. आई तापानं फणफणलेली असली तरी लांबूनच जीभ बघायचा. मला उंबऱ्याच्या आत जाणारी डॉक्टर व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. "आजींसमोर सरांची माफी मागा. विषय संपवू."

वॉर्डात सगळे जमले. आजी उठून बसल्या होत्या. चक्कर थांबली होती.

"बाई, तू कशापायी माफी मागती?" आजी म्हणाल्या. "उभी ऱ्हायले न्हवं मी सकाळी?"

माझ्या घशात शब्द तयार होते. मान खाली होती. आजींचं ऐकलं आणि मान वर आली. पहिल्यांदाच मी सरांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"माफी तुम्ही मागा," मी म्हणाले. "आजींची. आणि माझी."

संध्याकाळच्या आत नोकरी गेली.

हडपसर गावात दवाखाना टाकला. कामगार आले, म्हाताऱ्या आल्या, काचेच्या इमारतींतली पाठ धरलेली पोरं आली. दुसऱ्या एका हॉस्पिटलात शिकवायला लागले. वर्षं गेली. दिल्लीतल्या वैद्यकीय आयोगात हळूहळू माझ्या विषयाचं वजन वाढलं, शिकायच्या जागा वाढल्या. आणि एक दिवस तेच संचालक माझ्या दवाखान्यातल्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत, येऊन बसले.

"विभाग सुरू करायचाय. तज्ज्ञ म्हणून तुम्ही हव्यात."

"येते. दोन अटी. चार डॉक्टरांच्या गोळ्या खाणारा प्रत्येक म्हातारा आधी माझ्या विभागात येईल. आणि माझी ओळख सर करून देतील. त्याच वॉर्डात."

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "मागचं विसरून जाऊ, मॅडम."

"तुम्ही विसरा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात नवे विद्यार्थी उभे होते. सर भिंतीकडे बघत पुटपुटले, "या फॅमिली मेडिसिनच्या तज्ज्ञ."

"मागच्यांना ऐकू आलं नाही, सर."

त्यांचे कान लाल झाले. पुन्हा म्हणाले. मोठ्यानं.

मला वाटलं होतं, आत कुठंतरी गार वाटेल. नाही वाटलं. आतल्या आगीला चव लागली फक्त.

माझ्या वर्गात आता कारखान्यांतली, वस्त्यांतली पोरं-पोरी येतात. रोग ओळखायला शिकवते, तसं हेही शिकवते: पेशंटच्या देखत कुणी तुमची लायकी काढली, तर उत्तर पेशंटच्या देखतच द्यायचं. केबिनमध्ये नाही. त्या दिवशी हसलेले ज्युनिअर आज मोठे डॉक्टर झालेत. त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांच्या एकेका वॉर्डात माझा एकेक विद्यार्थी मी पाठवणार आहे. मान वर असलेला. माफी कुणालाच नाही.