पालथा पेला

किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात घरोघरी एक यंत्र होतं. तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेलाही पालथाच, तोल सांभाळून ठेवायचा. जमीन जरा जरी हलली तरी पेला फरशीवर खणखणायचा आणि माणसं अंगणात धावायची. पुढे पत्र्याच्या शेडी गेल्या, पक्की घरं झाली, आमच्या गल्लीतल्या दर तिसऱ्या दारावर क्लासची पाटी लागली. पण आमच्या स्वयंपाकघरातला तो पेला मी कुणाला हलवू दिला नाही.

"अगं, तू सायन्सची बाई ना?" आमचे हे चिडवायचे.

"म्हणूनच," मी म्हणायचे.

मी एका मोठ्या क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. जळकोटपासून मुरुडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून खोल्या करून राहायची, आणि त्यांच्यावर ओरडण्यात माझी हयात गेली. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जायचा. हृदय हा माझा हातखंडा धडा. त्यात एक ओळ अशी होती की घाईत ती सगळ्यांच्याच नजरेतून सुटायची: हृदयाची भिंत ताणली गेली की ती रक्तात एक संप्रेरक सोडते. मी फळ्यावर डस्टर आपटून म्हणायचे, "हृदयाला नुसता पंप समजू नका रे. त्याला त्रास झाला की ते रक्तातून चिठ्ठी पाठवतं!" पोरं हसायची, पण परीक्षेत बरोबर लिहून यायची.

पन्नाशीच्या आसपास मला भूकंप जाणवायला लागले.

पहिला जाणवला तो रविवारी दुपारी. मी पलंगावर पडून पेपर तपासत होते आणि पलंग थरथरायला लागला. गादीतून, उशीतून, थेट कानापर्यंत. "भूकंप!" म्हणून मी जी बोंबलत सुटले, ती अनवाणीच रस्त्यावर. माझ्यामागे हे पळाले. समोरच्या खोल्यांमधली पोरं पुस्तकं टाकून पळाली. शेजारच्या आपा बांगड्यांचं दुकान उघडं टाकून आल्या. थोड्या वेळानं त्याच आमच्या स्वयंपाकघरात डोकावून आल्या आणि हसत म्हणाल्या, "टीचर, पेला तो जैसे का वैसा खडा है. घबराव नक्को."

मीही हसले. पण महिन्याभरात पुन्हा तेच झालं, मग पुन्हा. पेला प्रत्येक वेळी जागच्या जागी. गल्लीतल्या पोरांनी माझं नाव 'भूकंप मॅडम' ठेवलं. खरं तर मला ते आवडलंही असतं, पण एव्हाना क्लासचा जिना चढताना धाप लागायला लागली होती. शिकवताना वाक्य अर्ध्यावर तुटायचं. डॉक्टरांकडे गेले. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती सरळ, काही दोष नसलेली आली, कारण तपासायच्या वेळी थरथर कधीच नसायची. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "भूकंपाचा धसका आहे. इथं बऱ्याच जणांना आहे." ते खोटं नव्हतं. त्या पहाटेनंतर कितीतरी माणसं वर्षानुवर्षं दारं उघडी टाकून झोपत होती. त्यामुळे मलाही ते पटलं.

धसका एकदा ठरला की त्याला औषध एकच: गाव सोडणं. ह्यांचं घराणं मुदखेडचं, भाऊ नांदेडात. ह्यांनी ठरवून टाकलं. "तिकडं जमीन हलत न्हाई. क्लास बंद कर. तुझ्या जिवापेक्षा लई मोठं हाय का काही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी भांडले नाही. एरवी मी न भांडता भाजीसुद्धा घेत नाही. पण आत मात्र तुटत होते. फळा गेला तर माझ्याजवळ उरणार काय? आणि त्याहून मोठी भीती अशी की आपलं डोकंच फिरत चाललंय, हे मला खरं वाटायला लागलं होतं.

नांदेडला घर बघायला गेलो. घर दुसऱ्या मजल्यावर. वर पोचले तेव्हा श्वास पुरेना, आणि भिंत थरथरायला लागली. "इथंही भूकंप आहे!" मी म्हणाले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. नांदेडसुद्धा वाया गेलं, हे दोघांनाही एकदमच कळलं. मला रिक्षात घालून ह्यांनी दवाखाना गाठला, तोवर थरथर थांबली होती.

तिथं एक तरुण डॉक्टर बाई आली. मला बघून थबकली आणि वाकून पाया पडली. माझ्याच वर्गातली, जळकोटकडच्या शेतकरी घरातली मुलगी. हृदय थकतं किंवा त्याचा ठोका चुकतो तेव्हा रक्तात काय काय वाढतं, यावरच्या संशोधनात ती काम करत होती. मी तिला सगळं सांगितलं, धसक्यासकट.

तिनं विचारलं, "मॅडम, पेला पडतो का हो?"

"नाही. कधीच नाही."

"मग जमीन हलतच न्हाई. हादरा तुमच्या आत बसतोय."

पट्टी पुन्हा सरळ आली. मी म्हणाले, बघ, नाटकच आहे माझं. ती ऐकेना. "पट्टीला फक्त त्या क्षणाचं दिसतं. चिठ्ठी रक्तात राहते. तुम्हीच डस्टर आपटून सांगितलंय." मी शिकवलेल्या संप्रेरकाचाच एक भाऊबंद आहे, हृदयावर ताण आला की तोही रक्तात वाढतो. नुसत्या भीतीनं तो एवढा वाढत नाही, म्हणाली. तिनं रक्त घेतलं. उत्तर येईपर्यंत मी बाकावर बसून देवाकडे काय मागत होते, सांगू? आजार निघू दे. माझं डोकं ठीक असू दे, छातीत काय वाट्टेल ते निघू दे.

चिठ्ठी निघाली, आणि चांगली भरभक्कम निघाली. मग छातीला दिवसभर यंत्र बांधलं, तेव्हा ठोक्यांची बेताल धावाधाव सापडली. सोनोग्राफीत डावा कप्पा ताणलेला दिसला, पंप थकलेला. वेळेत आलात, डॉक्टर पोरगी म्हणाली. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते, हे मी स्वतःच शिकवलेलं होतं. मी ढसाढसा रडले. हे घाबरून म्हणाले, "अगं, का रडून राहिलीस? औषध हाय म्हणतात ना!" त्यांना कसं सांगू, की मी आनंदानं रडत होते. मी वेडी नव्हते.

तिनं संकोचत विचारलं की तिच्या अभ्यासासाठी अधूनमधून थोडं रक्त द्याल का. म्हटलं, बाई, हवं तेवढं घे. पट्टी सरळ आली म्हणून घरी पाठवलेली माझ्यासारखी आणखी कितीतरी माणसं असतील. माझ्या फळ्यावरची एक ओळ त्या पोरीनं इतकी वर्षं जपली आणि नेमकी माझ्याच कामी आणली. या उपकाराची फेड माझ्यानं होणार नाही, आणि मला ती करायचीही नाही. त्या ऋणात मी सुखात आहे.

लातूर सुटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, धाप कमी झाली, मी पुन्हा ओरडायला लागले. वर्गातली पोरं हळहळली.

परवा सकाळी चहा गाळत होते. खण्णकन पेला फरशीवर पडला.

कपाटाच्या काचा किणकिणल्या. हे बाहेर पळाले. आपा रस्त्यावरून हाका मारत होत्या, "टीचर, बाहर आव! जल्दी!" आणि मी ओट्याला टेकून उभी, बोटं मनगटावर. ठोका एकसारखा पडत होता, शहाण्या मुलासारखा. मग धावले. बाहेर सगळ्यांच्या मध्ये उभी राहून मी आनंदानं ओरडले, "अहो, पेला पडला! खरा भूकंप आहे!" लोकांना वाटलं, आता मात्र बाई कामातून गेली.

चारचौघांत माझ्या शेजारी उभं राहायलाही लाजणारा माझा नवरा पुढे आला. त्यानं गल्लीदेखत माझं मनगट धरलं, डोळे मिटले आणि मोजत उभा राहिला. पायाखालची जमीन केव्हाच थांबली होती, तरी त्यानं हात सोडला नाही.