दुभाषीबाईंची अंगठी

आमची ही कोर्टात दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कोर्टातलं बोलणं खुणांनी सांगायचं आणि त्यांच्या खुणा न्यायाधीशांना बोलून दाखवायच्या. हिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे ही भाषा घरातच मिळालेली. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या आजाराबद्दल डॉक्टर जे बोलले, ते आईला हिनेच सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आजही गाळत नाही. तोच तर वैताग आहे!

कामाच्या दिवशी साधा गडद ड्रेस, नखं कापलेली, बोटात अंगठी नाही. समोरच्याला हात दिसले पाहिजेत, दागिने नाहीत.

पण पैशांचं नाव नको. दोन वर्षांत अकरा बिलं अडकली. कारकून विचारतो, "बाई, पानं किती झाली?" म्हणे दुभाष्याला पानांवर पैसे. अहो, हातवाऱ्यांची पानं कुठून आणायची? मी बस चालवतो. उद्या मला कुणी हॉर्न मोजून पगार द्यायला लागलं, तर गाडी चौकात उभी करून सरळ घरी येईन.

शेवटी मी भांडलोच. "पैसे मिळेपर्यंत एकही केस घ्यायची नाही." ती कबूल झाली. त्यानंतर घरात कुणाला चैन नाही. भाजी चिरता चिरता थांबायची, हात हवेत चालू. मी ओरडलो की पुन्हा सुरी.

मग कळलं, गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या बाईंची तारीख आहे. नवरा वारल्यापासून सासरा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा ताबा मागतोय. बाईंना ऐकू जवळजवळ येतच नाही. कारकून म्हणाला, दुभाषी हवा तर फी आधी भरा. बाईंनी लिहून दिलं, "मला ऐकू येतं, दुभाषी नको."

"नुसतं बघून येऊ," ही म्हणाली. फुलाफुलांचा ड्रेस घातला, अंगठी घातली आणि माझ्या नाकासमोर हात नाचवला. "बघा, आहे ना बोटात? झालं तर मग!" मी रजा टाकून बरोबर गेलो. माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

शेवटच्या बाकावर बसलो. सासऱ्याचा वकील न्यायाधीशांकडे तोंड करून बोलत होता, बाईंना दिसत होती त्याची पाठ. त्यांचे डोळे नुसते भिरभिरत होते. ही शेजारी चुळबुळ करत होती. मी दोनदा कोपर मारलं.

"मुलीला आजोबांकडे ठेवायला तुमची संमती आहे?" वकिलाने विचारलं.

बाईंनी हसून मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं कळलं नाही की त्या अशीच हलवायच्या. टायपिस्टने टाइप केलं, संमती आहे.

माझ्या तळहातावर काहीतरी पडलं. अंगठी. मी म्हटलं, संपलं!

"साहेब, त्यांना प्रश्न कळलेला नाही!" ही उभी राहून म्हणाली.

"तुम्ही कोण? कोणी नेमलंय तुम्हाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग या कामाची फी मिळणार नाही."

"माहीत आहे."

वकील उसळला. न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं. "विचारा त्यांना."

हिने खुणांनी विचारलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग हात असे सुटले की हिला बोलताना दम लागला. "नाही! माझी मुलगी मी कुणाला देणार नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी मान हलवली."

आधीचं उत्तर खोडलं गेलं. पुढच्या तारखेला दुभाषी कोर्टच नेमेल, असा हुकूम झाला. म्हणजे बारावं बिल! माझं डोकंच सणकलं.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी पर्स उघडली आणि बोटं चोळून विचारलं, पैसे? तेवढी खूण मलाही येते.

"मिळाले," हिने खुणेने सांगितलं. शब्द इकडचा तिकडे न करणारी माझी बायको, धडधडीत खोटं!

बाईंना पटेना. त्या माझ्याकडे वळल्या आणि बघत राहिल्या. खरं सांगितलं असतं, तर हिला फुकट राबवायला नको म्हणून पुढच्या तारखेला त्यांनी पुन्हा लिहून दिलं असतं, मला ऐकू येतं.

मुठीत अंगठी धरून मी हसलो आणि मान हलवली.