तपासणीच्या दिवसाचे पेशंट

अमरावतीच्या ज्या खाजगी कॉलेजात मी नर्सिंग शिकले, त्याला स्वतःचा दवाखाना होता. कागदावर. खाटा शंभर, आणि पेशंट म्हणाल तर वॉचमनची सासू, तीही दमा उठला तरच. खरे पेशंट बघायला आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवायचे. तिथं चार कॉलेजांच्या पोरी एका खाटेभोवती गर्दी करून उभ्या, मागच्या रांगेतून दिसेल तेवढं शिक्षण. आमचा दवाखाना वर्षातून एकदाच भरायचा, कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून धडधाकट बाया आणून खाटांवर झोपवायच्या, हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं चिकटवायची, आणि आम्ही पांढरे कपडे घालून त्यांच्या न झालेल्या आजारांची सेवा करायची. बाहेरच्या माणसाचा यावर विश्वास बसणार नाही. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, यातच काय ते आलं.

पहिल्या वर्षी मी खूप हसले होते. दुसऱ्या वर्षी फायली लिहिल्या. सकाळी नऊ वाजताच संध्याकाळी सहाचा ताप लिहून मोकळ्या व्हायचो, तोही उतरता, म्हणजे आमची सेवा चांगली दिसावी. तिसऱ्या वर्षापर्यंत मला त्या चादरींच्या वासानंही मळमळायला लागलं. वर्षभर कपाटात पडलेल्या, झुरळांच्या अंड्यांसकट. तपासणीच्या सकाळी झटकून अंथरायच्या. फिनाईल इतकं ओतायचे की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्याखाली कबुतरांच्या घाणीचा वास तसाच.

या उकिरड्यातून बाहेर पडायचा मला एकच रस्ता दिसत होता, मिलिटरी नर्सिंगचा. सरकारी दवाखान्यात एकदा एक मिलिटरी नर्स नातेवाइकाला बघायला आली होती. चार्ट हातात घेऊन तिनं तिथल्या सिस्टरला विचारलं, "हे लिहिलंय, पण दिलंय का?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला तेव्हाच वाटलं, जिथं असं विचारतात तिथंच आपण जायचं. शेवटच्या वर्षी मी फॉर्म भरायला घेतला. त्याला कॉलेजच्या सही-शिक्क्याचं पत्र जोडायचं होतं, की मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि तिची वर्तणूक चांगली आहे.

पत्राचा मसुदा घेऊन मी सहीसाठी प्राचार्य मॅडमकडे गेले. तपासणी चार दिवसांवर आली होती. तिवस्याकडच्या नेहमीच्या बायांनी यंदा नकार कळवला होता, सोयाबीनची सोंगणी सोडून कोण येणार झोपायला? मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकीनं एक पेशंट आणायचा आहे," त्या म्हणाल्या. "तू पेशंट आण, तपासणीच्या संध्याकाळी पत्र घेऊन जा."

वर्तणूक चांगली असल्याचं पत्र! मला तिथंच थुंकावंसं वाटलं. पण फॉर्मची मुदत तपासणीच्या दोन दिवसांनी संपत होती, आणि मी "हो मॅडम" म्हणाले.

कुणाला आणणार? शेवटी अकोल्याला आईला फोन केला. ती तिथल्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मला वाटलं होतं ती चिडेल, निदान कारण तरी विचारेल.

"नुसतं झोपाचंच हाये ना?" ती म्हणाली. "मंग येतो मी. तेवढाच आराम. तुया कागदाचं काम व्हाले पाह्यजे, बस."

ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. दवाखान्यात जायचं म्हणून नेसली होती. आमच्या ट्यूटरनी ते बघून कपाळाला हात लावला आणि तिला दवाखान्याचा गाऊन चढवायला लावला. अकरा नंबरची खाट, आजार टायफॉईड, नाव दुसरंच. शेजारच्या खाटेवरची न्यूमोनियावाली पोहे खात होती. मी आईच्या मनगटावर सुईविना नळी चिकटवली. ती हसली आणि म्हणाली, "दुखलं नाई बाप्पा, हात हलका हाये तुया." माझी नजर तिच्या चेहऱ्यावर ठरेना.

तपासणीच्या मॅडम दुपारी वॉर्डात आल्या. बरोबर आमच्या प्राचार्य. बाकीच्या खाटांजवळून तपासणीच्या मॅडम नुसत्या चालत गेल्या आणि नेमक्या अकराव्या खाटेशी थांबल्या.

"तू बीपी घे हिचं," त्या मला म्हणाल्या.

मी आईच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, स्टेथोस्कोप लावला. हवा सोडायला लागले तर काटा एकशे नव्वदवर असतानाच ठोके सुरू झाले. मला वाटलं माझंच चुकतंय. पुन्हा हवा भरली. पुन्हा एकशे नव्वद. ठोके बंद झाले ते एकशे दहावर. आई गेले सहा महिने डोकं दुखतं म्हणत होती, आणि आम्ही दोघी ते चुलीच्या धुरावर ढकलत होतो.

"किती?" तपासणीच्या मॅडमनी विचारलं.

फाईल प्राचार्यांच्या हातात उघडी होती. त्यात सकाळीच लिहिलेलं होतं, एकशेवीस बाय ऐंशी. अक्षर माझंच. प्राचार्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा ड्रॉवर आठवला.

"एकशेवीस बाय ऐंशी," मी म्हणाले.

तपासणीच्या मॅडमनी कागदावर खूण केली आणि पुढं गेल्या. आईनं हळूच विचारलं, "बराबर हाये ना व?" मी हो म्हणून मान हलवली. तोवर मला किळस यायची ती चादरींची, फायलींची, मॅडमची. आता स्वतःचा हातसुद्धा नकोसा झाला. मी मोरीवर जाऊन तो साबणानं धुतला. कशासाठी धुतला, कोण जाणे.

संध्याकाळी पत्र मिळालं. सही, गोल शिक्का, "वर्तणूक उत्तम". चांगली लिहायची होती, त्यांनी खुशीनं उत्तम लिहिली. मी आईला सोडायला अकोल्याच्या बसमध्ये बसले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. आई, तुझं बीपी नॉर्मल नाही. खूप जास्त आहे. मी खोटं सांगितलं. उद्या शाळेत जाऊ नकोस, आपण डॉक्टरकडे जाऊ.

आईनं माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसली.

"आता कावून भेव दावून राहिली मले? उद्याची सुट्टी घ्याले लावाचा बहाना हाये हा."

"आई, खरंच सांगते."

"उगी राह्य. एवढ्या मोठ्या मॅडमनं इचारलं, तू सगळ्याइसमोर सांगतलं. तिथं खोटं बोलशीन तू? मिलिट्रीत जानारी पोरगी?"

मी पुन्हा आकडे सांगितले, एकशे नव्वद, एकशे दहा. शप्पथ घेतली. तिनं माझ्या गुडघ्यावर थापटलं, तापात बडबडणाऱ्या पोराला थापटतात तसं. मग ती पुढच्या सीटवरच्या बाईकडे वाकली. ती बाई अनोळखी होती, पण आईला आज कुणाला तरी सांगायचंच होतं.

"नरस हाये माही पोरगी," ती म्हणाली. "आज तिनंच तपासलं मले. सगळं नॉर्मल निंगालं."