कंट्रोल किती दूर?

डोमाजी रामटेकेचं पाऊल सरकारदरबारी चालत होतं. थट्टा नाही हो! मोजणीखात्यात चोवीस वर्षं साखळी ओढता ओढता त्याचं पाऊल अडीच फुटांवर बसलं ते बसलंच. चढ असो की चिखल. साखळी धरायला दुसरा माणूस नसला की साहेब म्हणत, "डोमाजी, जरा चालून ये." झाली मोजणी.

पण माणूस अगदी एकटा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी सिंदेवाहीला नांदत होती. पठाणपुऱ्याच्या खोलीत स्वतःचा भात स्वतः शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. रविवार तर त्याला खायला उठायचा.

चौऱ्याऐंशी साली शहरातल्या कोणत्या वस्तीला रेशनचं दुकान, म्हणजे आपलं कंट्रोल, किती लांब पडतं हे बघायचं निघालं आणि डोमाजीला त्या कामावर धाडलं. कागद सोपा होता. घरोघर विचारायचं, 'दुकान जवळ की दूर?' निम्म्याहून जास्त घरं 'दूर' म्हणाली आणि मोजणीही तशीच भरली, तर वस्तीला नवं दुकान.

रेल्वेलाइनीपलीकडे गिट्टीटोली. एकोणीस झोपड्या, बहुतेक एटापल्लीकडून गिट्टी फोडायला आलेली माणसं. डोमाजीनं पहिल्या दारी विचारलं, "कंट्रोल किती दूर?"

"इथीच हाय ना, भाऊ."

दुसऱ्या दारी, "इथीच." एकोणिसाव्या दारीही "इथीच." डोमाजी चक्रावला. आत्ताच तर तो फाटकाला वळसा घालून, घाम पुसत आला होता! जंगलातली माणसं, दहा कोस चालणारी, यांना सगळंच जवळ, असं त्याला आधी वाटलं. तरी त्यानं शेवटच्या दारातल्या लच्छूला विचारलं, "इथीच म्हणजे कुठी?"

लच्छूनं बोट दाखवलं. "ते काय, सोनीबाईचं दार."

तर असं होतं. एकोणीस घरांची रेशनकार्डं सोनीबाईच्या डब्यात. महिन्यातले पंधरा दिवस ती पासष्ट वर्षांची म्हातारी कंट्रोलात जायची आणि डोक्यावरून तांदूळ, गहू, साखर आणायची. बाकीची गिट्टीवर, रोजी सोडून रांगेत कोण उभं राहणार? ज्या घरचं धान्य, त्या घरी त्या दिवशी तिचं जेवण. तिचा स्वतःचा लेक ठेकेदारामागं सिरोंच्याकडे गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी डोमाजी पावलं मोजत तिच्यामागं निघाला. फाटकावरून तीन हजार नऊशे भरली, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. येताना मात्र बाई फाटकाकडे वळलीच नाही. कोळशाची मालगाडी उभी होती. तिनं गठडी खाली टाकली, पुढं ढकलली आणि स्वतः डब्याखालून रांगत निघाली.

"अवो बाई! मरान ना!"

"रोजचंच हाय जी."

ती पलीकडे उभी राहिली न राहिली तोच डब्यांना हिसका बसला. खाड् खाड् करत गाडी सरकली. डोमाजी वाकून डब्यांखालून तिची पावलं शोधत राहिला.

गाडी गेल्यावर तो रूळ ओलांडून तिच्याजवळ आला. म्हणाला, "मी दूर लिवतो. टोलीतच दुकान येईन."

सोनीबाई दचकली. मग हात जोडायला लागली. "नको लिवू, भाऊ. दुकान टोलीत आलं तर मले कोन इचारन? आज लच्छूच्या घरी जेवन हाय, उद्या कोलूच्या. पोरं वाट पायतेत माही."

आता काय करावं माणसानं? रिकाम्या घरात जेवणं काय असतं, हे डोमाजीला कुणी शिकवायला नको होतं. तिचं म्हणणं त्याला लागलं, आरपार लागलं. पण डोळ्यांपुढून तो हिसका हटेना. काळजावर दगड ठेवून तो पुन्हा एकोणीस दारी गेला. 'सोनीबाईचं दार नाही, खरं कंट्रोल किती दूर?' असं बजावून विचारलं. अठरा घरांनी 'दूर'वर अंगठे दिले. सोनीबाईनं दिला नाही.

सात महिन्यांनी टोलीत दुकान लागलं. साहेबांनी डोमाजीची पाठ थोपटली. दुकान लागून दोन महिने झाल्यावर एका रविवारी तो टोलीवर गेला.

दुकानापुढं बायापोरांची झुंबड होती. सोनीबाई आपल्या दारात बसली होती. चुलीवर एकटीपुरत्या भाताचं गंज, म्हणजे छोटंसं पातेलं. तिनं त्याला ओळखलं, बसायला पोतं टाकलं.

"बरं हाय ना, बाई? आता गाडीखाली जावं लागत नाई."

"नाई लागत," ती म्हणाली. "पाय बी दुखत नाईत."

"जेवाले बोलावतेत ना कोनी?"

"पयले आठ-पंधरा दिस बोलावलं. लोक वाईट नाईत, भाऊ. पन काम नाई तं हाक काऊन मारतीन?" तिनं गंजातला भात ढवळला. रागावलेली नव्हती, तेच डोमाजीला सोसेना. "तूच सांग, एकट्यानं जेवाची सवय किती दिवसात लागते?"

ती सवय लागत असती, तर सुटीच्या दिवशी डोमाजी इतक्या लांब आला कशाला असता?