तक्रार नसलेल्या माणसांचं घर

व्हर्ना हाऊगेन पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा लाइल आमडाल वकिलाला वाटलं, बाहेरचा बर्फाचा ढीगच पायांनी चालत आत आला. तिने कोट काढला, त्याखाली दुसरा कोट निघाला, मग तीन स्वेटर. कांदा सोलावा तसं हे चाललेलं पाहून, शेवटी आत कोणीच सापडणार नाही अशी त्याला धास्ती वाटली. पण सापडली: शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, अठ्ठावन्न वर्षांची काडीसारखी बाई. बसण्याआधी ती खुर्चीचीसुद्धा माफी मागेल, असा चेहरा.

"फार काही नाही," ती म्हणाली. "फक्त घर जाईल असं दिसतंय."

तिचे वडील ऑरविल ऑक्टोबरात वृद्धांच्या शुश्रूषागृहात दाखल झाले होते. महिन्याला नऊ हजार डॉलर. त्यांची बचत तव्यावरच्या लोण्यासारखी विरघळली. यापुढचा खर्च सरकार उचलणार होतं, पण म्हातारा गेल्यावर तो खर्च घर विकून वसूल करणार होतं. व्हर्नाला डोक्यावर तेवढंच एक छप्पर.

वाट एकच होती. दाखल होण्याआधी निदान दोन वर्षं मुलीने त्याच घरात राहून सेवा केली, म्हणूनच वडील घरी राहू शकले, असं डॉक्टरने लिहून दिलं तर घर तिच्या नावावर करता येत होतं. व्हर्ना तर चार वर्षं राहत होती. लाइल खूश होऊन उठला आणि डॉक्टरच्या नोंदी वाचून पुन्हा खाली बसला. पंधरा भेटी, पंधरा वेळा एकच ओळ: रुग्णाची तक्रार नाही.

उत्तर मिनेसोटातला माणूस ट्रॅक्टरखाली सापडला तरी 'बरं चाललंय' म्हणतो. डॉक्टरही इथलाच, त्यामुळे खोदून विचारणं त्याला आगाऊपणाचं वाटलेलं. आणि व्हर्नाला विचारावं तर ती म्हणे, विशेष काही केलं नाही, मी तिथे होतेच ना.

डॉक्टर गुरुवारी शुश्रूषागृहात यायचा. लाइल व्हर्नाला घेऊन तिथे गेला. ऑरविलने आधी वीस मिनिटं हवामानाच्या गप्पांत काढली. मग म्हणाला की घरात सगळं तोच करायचा, पोरीलाही त्यानेच सांभाळलं.

"असं होय," लाइल म्हणाला. "मग घर सरकारला जाऊ दे."

म्हाताऱ्याने आपल्या पायांकडे बघितलं.

"माझ्या पायात मोजे ती घालायची," तो म्हणाला.

"कधीपासून?" डॉक्टरने विचारलं.

"वाकता येईना तेव्हापासून. तीन वर्षं झाली असतील."

मग बांध फुटला. आंघोळ, गोळ्या, घास भरवणं. एकदा जानेवारीत तो पायजम्यावरच गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायची आपली झोपडी शोधत गेला होता. झोपडी अकरा वर्षांपूर्वीच विकलेली. व्हर्नाने त्याला घसरगाडीवर घालून ओढत घरी आणलं होतं.

"बाबा, पुरे," व्हर्ना लालबुंद झाली. "लोकांना वाटेल मीच पढवलं."

"तू गप गं. चार वर्षं गप्पच होतीस." म्हातारा डॉक्टरकडे वळला. "सगळं लिही. आणि तिची कॉफी पाणचट असते, तेही लिही."

सहा आठवड्यांनी घर व्हर्नाच्या नावावर झालं. ऑरविल पुढच्या वसंतात गेला. तळघरात पाणी झिरपत होतं, म्हणून तिने घर शेजाऱ्याला विकलं आणि शाळेजवळ भाड्याने राहायला गेली. त्याने ते पाडून बोटी ठेवायला पत्र्याची शेड बांधली.