मेरीच्या झग्याचा रंग

"निवांत बघू घरी!" असं म्हणून आमचे शेजारचे काका एक डोळा मिटायचे आणि दुसरा व्हिडिओ कॅमेऱ्याला लावायचे.

मुलांनो, तुम्हाला ते आठवत असतील. एडिसनच्या आमच्या घरी तुमचा वाढदिवस केला, तेव्हा मेणबत्त्या वितळून केकवर सांडल्या तरी ज्यांनी सुरी उचलू दिली नाही, ते हे काका. तुमचा बाबा शेवटी म्हणाला, "काका, प्लीज, आता कापू द्या ना!" तर म्हणे, "थांब रे, फोकस करतोय."

त्यांनी नोकरीत आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले. त्यामुळे अंदाजे काही केलेलं त्यांना खपायचं नाही. मलाही खपत नाही, म्हणून आमचं जमायचं.

एका नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही सहा जण चार दिवस इटलीतल्या खेड्यांत भटकायला निघालो. सकाळी टेकड्यांवर चालायचं, दुपारी एखादं जुनं चर्च बघायचं, असा बेत. काकू येऊ शकत नव्हत्या. कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवासच बंद केला होता. खरं तर इटलीचं वेड त्यांचंच. नागपूरला त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. एका जुन्या पुस्तकात त्यांनी तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमधलं मेरीचं चित्र पाहिलं होतं. छपाई काळीपांढरी.

"चाळीस वर्षं मी विचार करतेय," त्या निघताना काकांना म्हणाल्या, "झगा कुठल्या रंगाचा असेल? तेवढं बघून या."

"बघून कशाला? घेऊनच येतो," काका कॅमेऱ्याची पिशवी थोपटत म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर काहीही सोडलं नाही. ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. झाडांखाली हिरवी जाळी पसरलेली, बायका शिड्यांवर चढलेल्या. आम्ही बघत उभे, काका कॅमेऱ्यात. "अहो, डोळ्यांनी बघा की!" मी म्हणाले. "वहिनी, निवांत बघू घरी!" चर्चमध्येही तेच. मेरीसमोर ते वीस मिनिटं उभे होते, कॅमेरा क्षणभरही डोळ्यापासून न हलवता.

परत आल्यावर शनिवारी त्यांच्याकडे सगळे जमलो. बटाटेवडे झाले, दिवे मालवले, काकूंची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. पडद्यावर आले काकांचे बूट. मग खडी. मग ओलं गवत, पुन्हा बूट, हिरव्या जाळीचा कोपरा, बूट.

झालं होतं असं की, तेच बटण दाबून कॅमेरा चालू आणि तेच दाबून बंद. विमानतळावरच काकांचा क्रम चुकला. ते चित्रं टिपायचे तेव्हा कॅमेरा बंद. गळ्यात लटकवून चालायचे तेव्हा चालू. चष्मा काढून बघत असल्यामुळे चालू की बंद ते दाखवणारी आतली बारीक अक्षरं त्यांना दिसलीच नाहीत.

आम्ही हसून हसून बेजार झालो. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "असू द्या. रंग तेवढा सांगा."

पण रंग काकांनी पाहिलाच नव्हता. त्या कॅमेऱ्याच्या भिंगातून आत सगळं काळंपांढरंच दिसायचं.

"हिरवा होता ना?" एकजण म्हणाले. "छे, निळा!" त्यांच्या पत्नी. मी पर्समधून माझी वही काढली. त्यात जेवणाच्या वेळा मिनिटापर्यंत लिहिल्या होत्या. मेरीपुढे लिहिलं होतं: 'निळसर. पाय गारठले.' काकूंनी मान हलवली, पण निळसर म्हणजे काय, हे चित्रकलेच्या बाईंना काय सांगणार?

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला काका एकटेच पुन्हा इटलीला गेले. कॅमेरा कपाटात ठेवला आणि काकूंची रंगपेटी घेतली. "वेड लागलंय यांना," काकू मला म्हणाल्या आणि दिवसातून चारदा घड्याळ बघत राहिल्या.

ते आले तेव्हा मी काकूंकडेच होते. काकांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर पट्टीनं आखलेले पाच चौकोन, पाच वेगळे निळे. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात: सकाळी नऊ. साडेअकरा. ढग आल्यावर. ढग गेल्यावर. दार लावायच्या आधी.

काकूंनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. "यातला खरा कुठला?"

"सगळेच. बदलत राहतो तो. मी बसून होतो ना समोर."

"दिवसभर?"

"दोन दिवस. बाहेर ऑलिव्हला फुलं आली होती."

"ती नाही रंगवलीत?"

"सांगतो की निवांत," काका म्हणाले आणि बूट काढायला बसले.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. कार्ड काकूंच्या फ्रिजवर आहे. परवा मी डबा घेऊन गेले, तर टीव्हीवर तेच बूट चालत होते. एका बुटाची लेस सुटलेली.

"आता बांधतील बघा," काकू म्हणाल्या.

बूट थांबले. वरून दोन हात आले, घाईघाईनं गाठ मारून गेले. मग आवाज आला, "चला वहिनी, निवांत बघू घरी!"

काकूंनी रिमोट उचलला आणि टेप थोडी मागे घेतली.